आशावादी दृष्टीची मशागत

(रेवदंडा परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



आशावाद या विषयावर बोलावयाचे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम थोडी शंका उभी राहते, आणि ती रास्त असते. "आनंदी राहा, चांगला विचार करा, सर्व काही ठीक होईल," असा उपदेश करणे सोपे आहे. ज्याच्या शाळेचे छप्पर गळते आहे, ज्याच्या पटावरील मुले वीटभट्टीवर गेली आहेत, ज्याच्या टेबलावर माहितीच्या तक्त्यांचा ढीग साचला आहे, त्याला असल्या उपदेशाने धीर येत नाही. उलट आपली अडचण बोलणाऱ्याला कळलीच नाही, असे त्याला वाटते. म्हणून या व्याख्यानाचा आरंभ उपदेशाने न करता रेवदंड्याच्या एका वाडीत उभे राहून केलेला बरा.

रेवदंडा हे कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले गाव. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेल्या कोटाच्या तटाआत आणि तटाबाहेर येथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. चौल, नागाव, आक्षी अशा अष्टागरातील गावांमधील कित्येक घरांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या या वाड्यांवर चालत आला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा होता. करोनाच्या साथीमुळे शाळा मार्च महिन्यापासून बंदच होत्या. त्यात घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली आणि अनेक शाळांची छपरे गेली. वाड्यांत तर वीस-वीस, तीस-तीस वर्षांची झाडे एका दुपारीत जमिनीवर आली.

या हानीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. भातशेती बुडाली तर पुढल्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते. आंब्याची फांदी मोडली तर बुंध्याला नवी पालवी फुटू शकते. पोफळ आणि नारळ यांचे तसे नाही. या झाडांना वाढीचा कोंब एकच असतो आणि तो शेंड्याला असतो. शेंडा मोडला की झाड संपले. नवे रोप लावावयाचे, तर सुपारीचे रोप आधी वर्ष-दीड वर्ष रोपवाटिकेत वाढवावे लागते. वाडीत लावल्यावर सुपारी धरू लागण्यास आणखी पाच ते सात वर्षे जातात. नारळालाही जवळपास तितकाच काळ लागतो. साठी उलटलेल्या बागायतदाराने हा हिशेब मांडला तर खड्डा खणावयास त्याचे हात उचलणार नाहीत, असे कोणासही वाटेल.

तरीही हात उचलले गेले. आधी पडलेले सोट कापून बाजूला करण्याचे कष्टाचे काम झाले. मग उरलेली झाडे मोजण्यात आली. मग खड्डे खणले गेले आणि रोपे लागली. कोठे लवकर, कोठे उशिरा. कोठे पुरी वाडी, कोठे एक कोपरा. सर्वांना ते जमले असे नाही. पण जेथे जमले, तेथे पाहणाऱ्याला एक गोष्ट शिकता येते. रोप लावणाऱ्याने वादळाला चांगले म्हटले नाही. पुन्हा वादळ येणार नाही, अशी ग्वाहीही त्याला कोणी दिली नव्हती; पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. त्याने केले ते इतकेच, की आज जे हातात आहे ते काम आणि सात वर्षांनी येणारे फळ यांच्यामध्ये एक दुवा बांधला. या दुव्यालाच आशा म्हणतात. आशा हा मनाचा रंग नव्हे, ती मशागत आहे. ती करावी लागते, आणि केल्यानेच टिकते.

ही व्याख्या मान्य केली, तर आशावादाविषयीचे दोन गैरसमज आपोआप गळून पडतात.

पहिला गैरसमज असा, की आशावादी मनुष्य संकटाकडे काणाडोळा करतो. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांकडे पाहिले म्हणजे हा समज किती चुकीचा आहे हे कळते. समुद्रावर ज्याचे पोट आहे त्याच्याइतका आशावादी मनुष्य शोधून सापडणार नाही. जाळे पाण्यात टाकणे हीच मुळी आशेची कृती आहे. परंतु वाऱ्याची दिशा पाहिल्यावाचून आणि वादळाचा इशारा ऐकल्यावाचून तो होडी लोटत नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, पण घरातले हात रिकामे नसतात. जाळी तुणली जातात आणि होडीची डागडुजी होते. नारळी पौर्णिमेनंतरच्या दर्याची तयारी आषाढाच्या पावसातच चालू असते. भर तुफानात होडी लोटणारा आशावादी नव्हे, तो अविचारी होय. आणि बंदीच्या दिवसांत जाळे कुजू देणारा सावध नव्हे, तो हताश होय. आशेचा मार्ग या दोहोंच्या मधून जातो.

दुसरा गैरसमज असा, की आशावाद ही जन्मजात देणगी आहे. कोणाला ती असते, कोणाला नसते. या बाबतीत मानसशास्त्राचा एक इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे. अमेरिकेतील मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या संशोधकांनी १९६७ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. काहीही केले तरी त्रास टळत नाही असा अनुभव ज्या प्राण्यांना वारंवार आला, ते प्राणी पुढे सुटकेचा मार्ग समोर असतानाही जागचे हालले नाहीत. या अवस्थेला 'शिकलेली असहायता' असे नाव मिळाले. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपल्याच सिद्धांतात दुरुस्ती केली. दीर्घकाळ त्रास झाला की हातपाय गाळून बसणे ही मेंदूची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते याच्या उलट, म्हणजे "माझ्या कृतीने काही बदलू शकते" हे. थोडक्यात, निराशा हे आपोआप उगवणारे तण आहे. आशा हे लावून, पाणी घालून वाढवावे लागणारे रोप आहे. निराश झालेल्या शिक्षकाने यासाठी स्वतःला दोष देऊ नये, परंतु मशागतीचे कामही सोडू नये.

आता प्रश्न असा, की ही मशागत इतरांपेक्षा शिक्षकालाच अधिक आवश्यक का? बागायतदार निराश झाला तर त्याची वाडी ओसाड पडेल. शिक्षक निराश झाला तर काय होते, ते एका साध्या प्रसंगावरून पाहू. असा प्रसंग कोणत्याही शाळेत घडू शकतो. वर्गतपासणी चालू आहे. मागच्या ओळीतील एका मुलाला फळ्यावरील वाक्य वाचावयास सांगितले जाते. मूल उठते, ओठ हालवते, पण शब्द फुटत नाही. शिक्षक ओशाळतात आणि पाहुण्याला समजावून सांगतात, "त्याचे राहू द्या. तो असाच आहे. घरी कोणी बघणारे नाही." शिक्षकांच्या मनात दुष्टावा मुळीच नाही, किंबहुना मुलाला अवघडलेपणातून सोडवावे असाच हेतू आहे. परंतु मुलाने ते वाक्य ऐकलेले असते. फळ्यावरचे वाक्य त्याला वाचता आले नाही, पण स्वतःविषयीचे हे वाक्य त्याला तोंडपाठ झाले. उद्यापासून शिक्षक त्याला प्रश्न विचारणार नाहीत आणि प्रश्नच येत नाही म्हणून तेही उत्तराची तयारी करणार नाही. वर्षअखेर शिक्षकांचे भाकीत खरे ठरेल, कारण ते खरे ठरावे अशीच सर्व व्यवस्था त्या एका वाक्याने करून ठेवली होती.

शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर परिणाम होतो का, याचा शोध रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत घेतला. १९६८ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सुमारे वीस टक्के मुलांची नावे त्यांनी कोणताही निकष न लावता निवडली आणि "ही मुले यंदा विशेष प्रगती करतील" असे शिक्षकांना सांगितले. वर्षअखेर त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतील वाढ इतरांपेक्षा अधिक आढळली, आणि ती विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत आढळली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम प्रथम वाटला होता त्यापेक्षा लहान असल्याचे दिसले. म्हणून केवळ अपेक्षेने चमत्कार घडतो, असे कोणी मानू नये. परंतु अपेक्षेमुळे शिक्षकाचे वागणे बदलते, हे कोणीही आपल्या वर्गात पडताळून पाहू शकेल. ज्या मुलाकडून उत्तर येईल असे वाटते, त्याच्यासाठी शिक्षक चार क्षण अधिक थांबतो, त्याला सूचक शब्द देतो, त्याची चूक दुरुस्त करतो. ज्याच्याकडून काहीच येणार नाही असे वाटते, त्याच्यासाठी तो थांबत नाही. ते चार क्षण हीच शिक्षकाची आशा होय.

हे केवळ प्रयोगशाळेतले आणि परदेशातले बोलणे नव्हे. आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, आजच्या पालघर जिल्ह्यात, याहून मोठे उदाहरण घडून गेले आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे काम करण्यासाठी बोर्डी येथे आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंना बालवयातच वैधव्य आले होते; त्यातून शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथील अडचण आजच्या कोणत्याही शिक्षकाला ओळखीची वाटेल. मुले शाळेत येत नव्हती. मुलगे गुरे राखावयास जात. मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. आईबाप पहाटेच मजुरीला बाहेर पडत. "पालकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही" असा शेरा मारून वही मिटविण्यास तेथे पुरेपूर कारण होते.

त्या दोघींनी शेरा मारला नाही. त्यांनी प्रश्नाची मांडणी बदलली. "मुले शाळेत का येत नाहीत?" या प्रश्नाच्या जागी "शाळा मुलांपर्यंत कशी जाईल?" हा प्रश्न त्यांनी ठेवला. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरवावी. यातून 'अंगणवाडी' जन्मास आली. मुलगा गुरांमागे कुरणात असतो, तर शाळा कुरणात न्यावी. ती 'कुरणशाळा' झाली. मुलीच्या कडेवर भावंड आहे, तर भावंडासकट तिला बोलवावे. यातून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी 'विकासवाडी' उभी राहिली. महागडी साधने नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे ही साधने झाली. पुढे १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द भारतातील गावोगावी पोहोचला. आज कोणत्याही राज्यात तो उच्चारला जातो, तेव्हा मुले येत नाहीत म्हणून हात टेकावयास नकार देणाऱ्या दोन शिक्षिकांची आशाच त्यात बोलत असते.

या उदाहरणातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. ताराबाई आणि अनुताई यांनी परिस्थिती चांगली आहे असे कधी मानले नाही. गरिबी खरी होती, भूक खरी होती, गुरे राखण्याची गरज खरी होती. त्यांचा आशावाद परिस्थितीविषयी नव्हता, तो मुलाविषयी होता. परिस्थिती कठीण आहे आणि मूल शिकू शकते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. निराश मनुष्य पहिले विधान पाहून दुसरे विसरतो. भाबडा मनुष्य दुसरे पाहून पहिले विसरतो. आशावादी शिक्षक दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून सकाळी शाळेचे कुलूप उघडतो.

आशा एकट्याने टिकविणे कठीण असते, हेही याच अलिबाग तालुक्याच्या इतिहासात दिसून येते. खारेपाटातील चरी या गावी ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जाचक खंडाविरुद्ध संप पुकारला. आसपासच्या पंचवीस गावांतील शेतकरी त्यात सामील झाले. जमीन कसावयाचीच नाही असा तो संप होता, म्हणजे स्वतःच्या घरातील धान्यावर पाणी सोडण्याचा निश्चय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि ते स्वतः चरीला आले. संप सुमारे सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. त्यातून कुळांना कायद्याचे संरक्षण मिळण्याची वाट मोकळी झाली. सहा वर्षे एकट्या मनुष्याची आशा टिकली नसती. गावाने एकत्र बसून ती वाटून घेतली, म्हणून ती टिकली. शिक्षकांनीही आपली आशा अशीच वाटून घ्यावयाची असते.

येथवर तत्त्व झाले. आता रोजच्या व्यवहारात ही मशागत कशी करावी, त्याच्या काही साध्या रीती पाहू. यांपैकी एकीलाही पैसा लागत नाही आणि एकीसाठीही वरिष्ठांची परवानगी लागत नाही.

पहिली रीत शब्दांची शिस्त ही आहे. सेलिगमन यांनी दाखवून दिले की संकटाचे कारण स्वतःला सांगताना निराश मनुष्य तीन चुका करतो. तात्पुरती गोष्ट तो कायमची समजतो, एका ठिकाणची गोष्ट सगळीकडची समजतो आणि सारा दोष स्वतःच्या स्वभावावर घेतो. शिक्षक मुलाविषयी बोलतो तेव्हा हीच चूक मुलाच्या माथी बसते. "याला गणित कधीच येणार नाही," हे वाक्य घ्यावे. त्याच्या जागी "याला आज हातच्याची वजाबाकी येत नाही," असे म्हणून पाहावे. दोन्ही वाक्यांत अडचण कबूल केली आहे, काही लपविलेले नाही. परंतु पहिले वाक्य दार लावून घेते आणि दुसरे वाक्य उद्याचा पाठ सांगते. 'कधीच', 'सगळेच', 'असाच' हे तीन शब्द शिक्षकाने हिशेबाने वापरावे. आणि 'अजून' हा शब्द सढळ हाताने वापरावा. "त्याला अजून वाचता येत नाही" यातील 'अजून' हा शब्द मुलाला सारे वर्ष उघडे ठेवून देतो.

दुसरी रीत म्हणजे प्रगतीची वही. शाळेत अनेक नोंदवह्या असतात आणि आणखी एकीची भर घालावी असे कोणालाच वाटणार नाही. ही वही कार्यालयासाठी नाही, ती शिक्षकाच्या स्वतःसाठी आहे. शाळा सुटल्यावर रोज एकच ओळ लिहावी: काल येत नव्हते असे आज कोणाला काय आले. "पहिलीतील अमक्या मुलीने आज आपले नाव न पाहता लिहिले." एवढे पुरे. मनुष्याचे मन अपयश पटकन टिपते आणि लहान यश विसरते, हा त्याचा स्वभाव आहे. महिन्याअखेर वीस-बावीस ओळी वाचून काढल्या म्हणजे "वर्षभर काहीच झाले नाही" असे म्हणता येत नाही. अशी वही कोऱ्या पानानिशी चार दिवस राहिली, तर तीही एक उपयुक्त सूचना समजावी आणि पाठाची रीत बदलून पाहावी.

तिसरी रीत हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करण्याची आहे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे स्थलांतर एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. पण मूल जाण्यापूर्वी त्याला शिक्षण हमी कार्ड मिळाले की नाही, ते त्याने बरोबर नेले की नाही, जाताना त्याला कोणती दोन पुस्तके दिली आणि जूनमध्ये ते परतले तेव्हा पहिल्या दिवशी त्याचे स्वागत कसे झाले, या चार गोष्टी शिक्षकाच्या हातात आहेत. हाताबाहेरच्या गोष्टीवर सारा दिवस बोलत राहिले की हातातल्या चार गोष्टीही निसटतात. हाताबाहेरच्या गोष्टींविषयी गप्प बसावे असा याचा अर्थ नाही. त्या लेखी कळवाव्या, सभेत मांडाव्या, पुन्हा पुन्हा मांडाव्या. मात्र त्यांचे उत्तर येईपर्यंत वर्ग थांबवू नये.

चौथी रीत पोफळीच्या वाडीतून घेता येते. सुपारीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. म्हणून जाणता बागायतदार रोपांच्या मध्ये केळी लावतो. केळ लवकर वाढते, रोपाला सावली देते आणि वर्षभरात घडही देते. सुपारी येईपर्यंतची वर्षे त्या केळीच्या आधाराने निघतात. दूरच्या ध्येयालाही असाच जवळचा आधार हवा. "माझ्या वर्गातील प्रत्येक मूल सफाईदार वाचील" हे ध्येय पोफळीसारखे आहे. त्याला वेळ लागणार. त्याच्या सावलीसाठी "या पंधरवड्यात ही तीन मुले जोडाक्षरे ओळखतील" अशी केळ लावावी. ती फळली की शिक्षकालाही बळ येते आणि मुलालाही. ज्याने नुसती पोफळच लावली, तो वाट पाहून थकतो. ज्याने नुसती केळच लावली, त्याची वाडी कधी उभी राहत नाही.

पाचवी रीत संगतीची आहे. शिक्षक एकत्र येतात तेव्हा बोलणे बहुधा तक्रारीने सुरू होते, आणि तक्रारी खऱ्या असतात. शिकविण्याव्यतिरिक्तची कामे वाढली आहेत, गावातील पट घटतो आहे, पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. परंतु प्रत्येक बैठकीत एक नियम पाळून पाहावा: जो एक अडचण सांगेल, त्याने आपल्या वर्गात साधलेली एक गोष्टही सांगावी. ती कितीही लहान असो. एका शाळेत साधलेली गोष्ट दुसऱ्या शाळेत पोहोचली की तिचे बळ दुप्पट होते. करोनाच्या काळात शाळा बंद असताना कोठे देवळाच्या ओसरीवर, कोठे अंगणात, कोठे मोबाईलवर शिकविणाऱ्या शिक्षकांनी महाराष्ट्रभर एकमेकांकडूनच वाटा शोधल्या होत्या. आदेश वरून येतो, पण उमेद बहुतेक वेळा शेजारच्या शाळेतून येते.

सहावी रीत घराविषयी आहे. शाळेतला थकवा घरी नेऊन घरच्यांवर ओतणे आणि घरातली चिंता शाळेत आणून मुलांवर काढणे, या दोन्ही गोष्टी नकळत घडतात. पुरेशी झोप, थोडे चालणे, वेळेवर जेवण आणि दिवसातून एकदा घरच्या माणसांशी शाळेव्यतिरिक्त काही बोलणे, या गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी मनाची जमीन त्यांनीच भुसभुशीत राहते. आणि कधी मन इतके खचले की आठवडे उलटले तरी कशातच गोडी वाटेना, झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर त्याला आशावादाची कमतरता समजू नये. तो आजार असतो आणि आजाराला डॉक्टर लागतो. त्यासाठी शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तापात दवाखान्यात जाण्याची जशी लाज नसते, तशीच येथेही नसावी.

शेवटी एका धोक्याविषयी स्पष्ट बोलावयास हवे, आणि हे बोलणे शिक्षकांइतकेच तपासणी करणाऱ्यांनाही लागू आहे. खोटी उमेद ही निराशेहून घातक असते. ज्या तक्त्यात शंभर टक्के मुले वाचतात असे लिहिले आहे आणि ज्या वर्गात निम्मी मुले अडखळतात, त्या तक्त्याने सर्वांत मोठे नुकसान अडखळणाऱ्या मुलांचेच केलेले असते. कागदावर ती मुले पोहोचली, म्हणून त्यांच्या मदतीला आता कोणी जाणार नाही. वाडी पडली असताना ती उभी आहे असे लिहून देणाऱ्या बागायतदाराला रोपे कोण देणार? ज्याला खरोखर आशा आहे, त्याला खरे आकडे लिहिण्याची भीती वाटत नाही, कारण आजचा आकडा हा शेवटचा आकडा नव्हे हे त्याला ठाऊक असते. आणि खरा आकडा लिहिणाऱ्या शिक्षकाला जाब विचारण्याऐवजी त्याच्या वर्गात जाऊन शेजारी बसणे हे तपासणी करणाऱ्याचे काम आहे. वरिष्ठांच्या भीतीने जेथे खरे लिहिले जात नाही, तेथे आशेचे रोप मुळातच कुजते. त्याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकता येत नाही.

निसर्ग वादळानंतर लागलेली पोफळीची रोपे जेथे जगली, तेथे ती आता फळण्याच्या वयाला आली आहेत. वादळाच्या वर्षी, जून २०२० मध्ये, पहिलीत दाखल झालेले मूलही त्याच काळात वाढले. त्याने पहिल्या दिवशी शाळेचे दार बंद पाहिले होते. त्याचे पहिले अक्षर कदाचित एखाद्या ओसरीवर उमटले असेल. ते मूल आता प्राथमिक शाळेची शेवटची इयत्ता ओलांडून पुढे गेले आहे. कोणी त्याच्यासाठी चार क्षण थांबले असेल, तर ते वाचते आहे. कोणी थांबले नसेल, तर ते अजूनही मागच्या ओळीत बसलेले आहे आणि त्याच्यासाठी थांबणे आजही शक्य आहे.

उद्या सकाळी हजेरी घेताना प्रत्येक शिक्षकाने मागच्या ओळीतील एका मुलाकडे पाहावे, त्याला एक प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थोडे अधिक थांबावे. उत्तर आले तर ते वहीत लिहावे. आले नाही, तर 'अजून' हा शब्द लिहून परवा पुन्हा विचारावे. पोफळीचे रोप लावणारा यापेक्षा वेगळे काही करीत नाही.